कामाची यादी तारखेने नको, हाताने लावा

सांगलीत मार्केट यार्डाजवळ माझं कर सल्लागाराचं ऑफिस आहे. हळद-बेदाण्याचे अडते, किराण्याचे होलसेल व्यापारी, ट्रान्सपोर्टवाले आणि थोडी पगारदार मंडळी ही आमची गिऱ्हाइकं. मी आणि मदतीला दोन मुली, एवढ्यावर ऑफिस चालतं.

आमच्या कामाच्या तारखा सरकार ठरवतं. 7 तारखेला टीडीएस, म्हणजे पैसे देताना कापून घेतलेला कर, भरायचा, 11 ला विक्रीचं जीएसटीआर-1, 15 ला कामगारांचा पीएफ आणि ईएसआय, 20 ला जीएसटीआर-3बी, म्हणजे महिन्याचा जीएसटी भरायचं रिटर्न. ज्यांची वार्षिक उलाढाल 5 कोटींच्या आत आहे आणि ज्यांनी तिमाही योजना घेतली आहे, त्यांचं 3बी महाराष्ट्रात तिमाही संपल्यावर 22 तारखेला. शिवाय टीडीएसची तिमाही विवरणपत्रं, ॲडव्हान्स टॅक्सचे चार हप्ते, जुलैत पगारदारांची रिटर्न्स, सप्टेंबरअखेर ऑडिट. हे सगळं भिंतीवरच्या कॅलेंडरवर आमच्यासारख्या प्रत्येक ऑफिसात लाल पेनने लिहिलेलं असतं. तरीही 20 तारखेला एका ऑफिसात रात्री अकरापर्यंत दिवे जळतात आणि शेजारच्या ऑफिसला सहाला कुलूप लागतं. दोघांकडे पार्ट्या, म्हणजे गिऱ्हाइकं, सारखीच, माणसं सारखीच, कॉम्प्युटरही सारखेच.

हा फरक मी बरीच वर्षं पाहत आले आहे आणि माझ्या मते त्याचं कारण एकच आहे. पहिल्या ऑफिसात कामं शेवटच्या तारखेच्या क्रमाने लावलेली असतात. दुसऱ्या ऑफिसात काम आत्ता कुणाच्या हातात अडकलंय, ते आधी पाहतात.

यादीत एक रकाना वाढवा

तुमची आजची कामांची यादी समोर घ्या आणि प्रत्येक कामापुढे लिहा, याची पुढची हालचाल कुणी करायची आहे. निम्म्याहून जास्त कामांपुढे दुसऱ्याच कुणाचं नाव येईल. बँक स्टेटमेंट शेठकडून यायचंय. भाड्याची पावती मालकाकडून यायची आहे. पुरवठादाराने बिल अपलोड केलेलं नाही. सही राहिली आहे. ही कामं आपल्या यादीत असतात, डोक्यावर बसलेली असतात, पण आपण दिवसभर खुर्चीत बसून राबलो तरी ती इंचभर सरकत नाहीत.

म्हणून सकाळचा पहिला पाऊण तास मी स्वतःचं एकही काम करत नाही. हिशेबाचं टॅली उघडत नाही, सरकारी पोर्टल उघडत नाही. त्या वेळात फक्त दुसऱ्याच्या हातातली कामं हलवायची: निरोप पाठवायचे, आठवण करायची, कुणाला काय हवंय ते देऊन मोकळं करायचं. मी साडेदहाला निरोप पाठवला तर समोरच्याला पूर्ण दिवस मिळतो आणि संध्याकाळपर्यंत कागद येतो. तोच निरोप संध्याकाळी पाच वाजता, माझी कामं उरकून, पाठवला तर एक दिवस फुकट गेला. महिन्यात असे चार-पाच दिवस वाचले की 20 तारखेची रात्र आपोआप मोकळी होते.

आमच्याकडे यासाठी एक लांब रजिस्टर आहे. ॲप वापरायचं असेल तर जरूर वापरा, रकाने मात्र हेच ठेवा: पार्टी, काम, पुढची पायरी, कुणाच्या हातात, केव्हा विचारलं, पुन्हा केव्हा विचारायचं. एक ओळ अशी दिसते: ‘हळदीचे अडते, ऑगस्टचं 3बी, दोन खरेदी बिलं 2बीत दिसत नाहीत, पुरवठादाराच्या हातात, 14 ला विचारलं, 16 ला सकाळी पुन्हा.’ (2बी म्हणजे पुरवठादारांनी चढवलेल्या आपल्या खरेदी बिलांची पोर्टलवरची यादी.) शेवटचा रकाना कधीच रिकामा ठेवायचा नाही. ‘विचारलंय’ एवढंच लिहिलेलं काम विसरलं जातंच. पुन्हा विचारण्याची तारीख लिहिली की ते काम त्या दिवसापर्यंत डोक्यातून काढून टाकता येतं, आणि त्या मोकळ्या डोक्याचं मोल फार आहे.

शाळेच्या क्लार्कला, हाउसिंग सोसायटीच्या सचिवाला, साइटवरच्या इंजिनिअरलाही हा रकाना तितकाच उपयोगी पडेल. ज्यांचं काम चार माणसांच्या हातांतून जातं, त्या सगळ्यांची अडचण एकच असते.

निरोप असा द्या की उत्तर आलंच पाहिजे

‘शेठ, पेपर पाठवा’ या निरोपाला उत्तर येत नाही, कारण कुठले पेपर ते शेठना कळत नाही आणि विचारायला त्यांना वेळ नसतो. त्याऐवजी: ‘शेठ, ऑगस्टचं चालू खात्याचं स्टेटमेंट हवंय, 1 ते 31 तारीख, पीडीएफ चालेल, एक्सेल असेल तर उत्तम. 5 तारखेपर्यंत पाठवा म्हणजे 11 चं विक्रीचं रिटर्न वेळेत जाईल.’ एका निरोपात एकच वस्तू मागायची. चार वस्तू मागितल्या की सगळ्यात सोपी तेवढी येते आणि बाकीच्या तीन दिल्यासारखंच समोरच्याला वाटतं.

वेळही बघून विचारायचं. सौदे चालू असताना अडत्याला फोन केला तर तो ‘हो हो’ म्हणेल आणि विसरेल, त्यात त्याचा दोष नाही. जेवून दुकानात टेकले की मग फोन करायचा. काही जण मेसेज वाचतच नाहीत, त्यांच्या मुनीमजींना किंवा घरी वहिनींना सांगावं लागतं. कुणाचं काम कुणाला सांगितलं की होतं, हेसुद्धा आम्ही रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय. मी एक दिवस नसले तरी मुलींना ते उपयोगी पडतं.

यातला सगळ्यात अवघड हात म्हणजे ओटीपीचा. प्रोप्रायटर, म्हणजे एकट्या मालकाच्या, पार्टीचं जीएसटी रिटर्न बहुधा ओटीपीने दाखल होतं, तो ओटीपी मालकाच्या मोबाइलवर जातो आणि काही मिनिटांतच शिळा होतो. रिटर्न तयार आहे, कर भरलेला आहे, पण शेठ पंढरपूरला गेलेत आणि फोन लागत नाही, अशाने संध्याकाळ जाते. आमचा उपाय साधा आहे. आदल्या दिवशी संध्याकाळी यादी करून सगळ्यांना कळवायचं: ‘उद्या अकरा ते बारा ओटीपीची वेळ, फोन हातात ठेवा.’ मग त्या तासात एकामागून एक रिटर्न्स दाखल करायची, एकीने फोनवर बोलायचं, दुसरीने टाइप करायचं. दिवसभर विखुरलेलं काम तासात आवरतं. ज्या कंपन्या डिजिटल सहीने दाखल करतात, त्यांच्या सहीची मुदत केव्हा संपते याची यादी एप्रिलमध्येच काढून ठेवतो. मुदत संपल्याचं 20 तारखेला कळून काहीच उपयोग नसतो.

आधी कुठलं? उशीर झाल्यावर काय जातं ते बघा

दुसऱ्यांची कामं हलवून झाली की आपल्या हातातली उरतात. त्यांचा क्रम लावताना ‘महत्त्वाचं’ आणि ‘तातडीचं’ असे शब्द मला फारसे कामी आले नाहीत, कारण समोर बसलेल्या प्रत्येक माणसाला आपलं काम दोन्ही वाटत असतं. मी वेगळा प्रश्न विचारते: हे काम उशिरा झालं तर नेमकं काय जाईल?

काही कामांत उशीर झाला तर हक्कच जातो आणि पैसे भरूनही परत येत नाही. धंद्यात तोटा झालेल्या माणसाचं आयकर विवरणपत्र मुदतीनंतर गेलं तर तो तोटा पुढच्या वर्षांच्या नफ्यातून वजा करायला मिळत नाही. एरवी तो 8 वर्षांपर्यंत ओढता येतो. मागच्या आर्थिक वर्षातलं राहून गेलेलं जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, 30 नोव्हेंबरनंतर घेता येत नाही. जीएसटीच्या आदेशाविरुद्ध पहिलं अपील 3 महिन्यांत करायचं असतं, त्यापुढे कारण दाखवून जेमतेम एक महिना मिळतो. ही कामं रजिस्टरात लाल शाईने लिहायची. शेवटची तारीख महिनाभर लांब असली तरी ती आजच्या पानावर आलीच पाहिजेत, कारण कुणीही फोन करून त्यांची आठवण करून देत नाही. तोटा झालेला माणूस तर बहुतेक वेळा गप्पच असतो.

काही कामांत उशिराला मीटर पडतो. 3बी उशिरा गेलं तर दिवसाला 50 रुपये, व्यवहारच नसतील तर 20 रुपये, आणि क्रेडिट वजा जाऊन प्रत्यक्ष भरायच्या करावर वर्षाला 18 टक्क्यांनी व्याज. टीडीएसचं तिमाही विवरणपत्र चुकलं तर दिवसाला 200 रुपये, टीडीएसच्या रकमेइतके होईपर्यंत. हे आकडे माहीत असले की क्रम लावणं सोपं होतं: एकाच संध्याकाळी दोन्ही राहिली असतील आणि एकच होणार असेल, तर आधी कुठलं ते आकडाच सांगतो.

टीडीएस भरण्याची गोष्ट मात्र वेगळी, आणि ती पुष्कळ व्यापाऱ्यांना माहीत नसते. कापलेला कर भरायला उशीर झाला तर महिन्याला दीड टक्का व्याज लागतं आणि महिन्याचा एक दिवस असला तरी तो पूर्ण महिना धरतात. जूनमध्ये कापलेला कर 7 जुलैला भरला तर व्याज शून्य. 8 जुलैला भरला तर जून आणि जुलै असे दोन महिने, म्हणजे 3 टक्के. एक लाखाच्या करावर एका दिवसाच्या उशिराचे 3,000 रुपये. म्हणून महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे दुसरं कुठलंही काम टीडीएसच्या पुढे जात नाही, मग ते कितीही मोठ्या शेठचं असो.

काही कामांत आपला उशीर तिसऱ्याला भोवतो. आमच्या अडत्याचं जीएसटीआर-1 11 तारखेला गेलं नाही तर त्याच्याकडून माल घेणाऱ्याच्या 2बीमध्ये त्या महिन्याची बिलं येत नाहीत आणि त्याचं क्रेडिट अडकतं. दंडाची रक्कम यात किरकोळ असते, पण व्यापाऱ्याचं नाव खराब होतं आणि पुढच्या सौद्याला तो गिऱ्हाईक दुसऱ्या गाळ्यात जातो. शिवाय त्या महिन्याचं जीएसटीआर-1 भरल्याशिवाय पोर्टल 3बी भरूच देत नाही. म्हणून 11 तारखेला मी 20 पेक्षा जास्त मान देते.

आणि काही कामांत उशिराने फक्त कुणीतरी रागावतं. ती शेवटी. सगळ्यात मोठ्या आवाजात मागितली जाणारी कामं बहुतेक याच गटात असतात, हे एकदा आठवडाभर लिहून पाहा.

महिन्याला आकार द्या

आमच्या महिन्याचे तीन भाग आहेत. 1 ते 11 गोळा करणं आणि विक्री. 12 आणि 13 थोडा श्वास, त्यात तिमाहीवाल्यांची महिन्याची बिलं 13 पर्यंत चढवायची. 14 ला 2बी तयार होतं, मग 14 ते 18 खरेदी जुळवणं आणि 3बी. आमच्या भिंतीवर 3बीची तारीख 18 लिहिलेली आहे, 20 नाही. 20 ला पोर्टल रखडतं, बँकेचं पेमेंट लटकतं, आणि ज्याचा फोन लागायला हवा त्याचाच लागत नाही. दोन दिवस हातात राखून ठेवलेले असले की यातल्या कशानेही रात्र जागवावी लागत नाही.

पण खरी कमाई 23 ते महिनाअखेरच्या दिवसांत आहे. या दिवसांत मासिक तारखा फारशा नसतात म्हणून बहुतेक ऑफिसं सैल पडतात, आणि मग सप्टेंबरात ऑडिटखाली दबतात. नोटिशींची उत्तरं, ऑडिटची तयारी, येणेकरी-देणेकऱ्यांच्या याद्या जुळवणं, हे सगळं या आठवड्यात बसवायचं. ‘अमुक पार्टीचं ऑडिट’ असं मात्र यादीत कधी लिहू नका. ते काम एका बैठकीत होत नाही, त्यामुळे ते रोज पुढच्या पानावर जातं. ‘कॅश क्रेडिट खात्याचं व्याज बँकेच्या दाखल्याशी जुळवणं’, ‘देणेकऱ्यांत तीन वर्षांपूर्वीच्या रकमा काढणं’, ‘अजून न आलेली वाहन विम्याची पॉलिसी मागणं’, असं लिहा. दीड तासात संपेल आणि संपल्यावर खूण करता येईल एवढाच तुकडा.

वर्षाचाही असाच विचार करावा लागतो, आणि तो आपल्या गावाच्या चालीनेच करावा लागतो. बेदाणा आणि हळद दोन्हींचा हंगाम मार्चअखेरीवर येऊन आदळतो, तेव्हा अडत्यांकडून कागद मिळणं मुश्किल. म्हणून त्यांच्या हिशेबाची छाननी आम्ही जानेवारीतच करून घेतो. गौरी-गणपतीत मुलींना सुट्टी हवी असते आणि ती मिळालीच पाहिजे. तो काळ ऑडिटच्या तोंडावर येतो, त्यामुळे जुलै-ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यांत थोडं जास्त ओढून घेतो. पितृपंधरवड्यात बाजार मंद असतो, शेठ लोक दुकानात निवांत भेटतात. ताळेबंदावर सह्या आणि राहिलेले खुलासे घ्यायला त्याच्याइतके चांगले दिवस नाहीत.

‘दोन मिनिटांचं काम आहे मॅडम’

गावातल्या ऑफिसात दार बंद करून बसता येत नाही, आणि बसूही नये असं माझं मत आहे. माणसं विश्वासाने येतात, चहा घेतात, त्यातूनच धंद्याची खरी माहिती कळते. पण दर वीस मिनिटांनी उठावं लागलं तर बिलं जुळवण्यासारखं काम होत नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. आम्ही दुपारी साडेअकरा ते दीड हा वेळ जुळवणीला राखलाय, महिन्याचा 14 ते 18 चा आठवडा असेल तेव्हा. त्या वेळात माझा फोन मुलीच्या टेबलावर असतो. ओटीपीचा तास ज्या दिवशी असेल त्या दिवशी जुळवणी बारानंतर.

मध्येच आलेल्या काकांना ‘बघते’ असं सांगू नका. ‘बघते’ ऐकलेला माणूस उद्या पुन्हा येतो, परवा फोन करतो, आणि प्रत्येक वेळी तुमची दहा मिनिटं जातात. त्यांच्यासमोर रजिस्टर उघडा, काम लिहा आणि तारीख सांगा: ‘काका, गुरुवारी चारला तयार असेल, मीच फोन करते.’ तारीख थोडी लांबची चालते, सांगितलेली मात्र पाळावी लागते. लिहिलेलं डोळ्यांनी पाहिलं की माणूस निवांत होतो. बँकेच्या कर्जासाठी तीन वर्षांची रिटर्न्स ‘आत्ताच’ हवी असतात, त्यासाठी प्रत्येक पार्टीची पोचपावती आणि ताळेबंद एका फोल्डरमध्ये भरल्या दिवशीच ठेवतो. ते काम खरोखर दोन मिनिटांचं होऊन जातं आणि एक मुलगी मला न विचारता देऊ शकते.

कामाची वाटणी करताना मी पार्टी अख्खी एका मुलीकडे देते, काम तोडून देत नाही. एकीने सगळ्यांच्या खरेद्या आणि दुसरीने सगळ्यांच्या विक्र्या असं केलं तर वेग जास्त दिसतो, पण मागच्या महिन्यात कुठलं बिल राहिलं होतं ते कुणाच्याच लक्षात राहत नाही. पार्टी ओळखीची असली की चूक वासावरून कळते. फक्त दाखल करण्याचं काम सगळ्यांचं एकत्र करायचं.

शनिवारी दुपारी तिघी बसून रजिस्टर वाचतो. प्रत्येक उघड्या ओळीला एकच प्रश्न: कुणाच्या हातात? ज्या ओळीत सलग तीन आठवडे तेच नाव आहे, तिथे निरोप थांबवून मी स्वतः दुकानात जाऊन येते. एखादं काम कुणालाच नको असतं, केवळ कधीतरी लिहिलं म्हणून ते पुढे सरकत असतं. ते पार्टीला विचारून खोडून टाकतो. आणि ऑगस्टपासून सप्टेंबरअखेरपर्यंत नवीन ऑडिटचं काम घेत नाही. येणाऱ्याला चहा देऊन ‘ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात या, तेव्हा नीट वेळ देऊन बघू’ असं सांगतो, आणि ज्याची मुदत त्याआधीच संपणार आहे त्याला लगेच दुसऱ्या चांगल्या ऑफिसचा नंबर देतो.